सव्वा वार मांजरपाट

माझ्या दोन टोकांपैकी एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित गुळगुळीत आहे. नुसते पाहून ते कळत नाही. डोळे मिटून दोन्ही कडांवरून बोट फिरवले, तर एका कडेवर ते अडखळते आणि दुसऱ्या कडेवरून अलगद सरकते. ही झीज कानशीने झालेली नाही. ती कापडाने केली आहे. धोतरे, लुगडी, लट्ठा, मांजरपाट, सारे कापड त्याच टोकाशी अंगठ्याने दाबून धरले जाई आणि मग ताणले जाई. मऊ वस्तूसुद्धा कठीण वस्तूला झिजवते. तिला फक्त पुरेसा वेळ मिळावा लागतो.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गज आहे. एक वार लांबीचा, कापड मोजण्याचा.

अकोल्याच्या एका लोहाराने मला सपाट पट्टीतून कापले. शेजारी एक अस्सल गज ठेवून तो मला घाशी, पुन्हा जुळवून पाही, पुन्हा घाशी. मग माझ्या अंगावर पाव, अर्धा आणि पाऊण वाराच्या खुणा पडल्या. शेवटी सरकारी माणसाने टोकाजवळ शिक्का ठोकला. तो ठोका मला अजून आठवतो. त्या क्षणापासून मी नुसते लोखंड राहिलो नाही, माप झालो. लोखंडाने थोडे वाकले तरी चालते. मापाला ती मुभा नसते.

तिथून मी अंजनगाव सुर्जीच्या बाजारात खुशालरावांच्या दुकानात आलो. खुशालरावांचे तोंड सतत चाले आणि हात त्याहून जास्त. गिऱ्हाइकाशी पानमळ्यांच्या, लग्नांच्या, सोयरिकींच्या गोष्टी करता करता ते सर्रसर्र कापड मोजत. बोलणे कितीही वाहवले, तरी अंगठा माझ्या टोकावरून कधी घसरला नाही. खेड्यांतून आलेल्या बाया म्हणत, "खुशालभाऊच्या गजाले पाप ठाऊक नाई." हे ऐकून मला फार बरे वाटे. तसा उन्हाळ्यात मी दोनचार केसांच्या जाडीएवढा वाढतो आणि थंडीत तेवढाच आखडतो. पण तो निसर्गाचा नियम आहे, त्याला पाप म्हणत नाहीत.

दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे इनायतमियाँची खोली होती. ते पुस्तके बांधत. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत त्यांच्या दारात पोरांची रांग लागे. त्यांच्या खोलीत खळीचा, कागदाचा आणि पुठ्ठ्याचा वास असे. शिवाय मोहल्ल्याने त्यांच्यावर आणखी एक काम सोपवले होते. ते काम तुम्हाला नीट सांगायला हवे, कारण माझी सारी गोष्ट त्याच कामाची आहे.

कुराणाची प्रत जुनी होते. कागद आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि पुढे दुमडला की मोडतो. पण पान फाटले म्हणून त्यावरचे शब्द जुने होत नाहीत. म्हणून अशी पाने केरात टाकत नाहीत, रद्दीत विकत नाहीत, कुणाच्या पायाखाली येऊ देत नाहीत. ती जमवून ठेवतात. मग स्वच्छ कोऱ्या कापडात गुंडाळून, माणसाला ठेवावे तितक्या हळुवारपणे, जमिनीत ठेवतात. काही ठिकाणी खोल वाहत्या पाण्यात सोडतात. इनायतमियाँ वर्षभर अशी पाने पोत्यात जमवत. पोळा होऊन गेला की त्यांची गाठोडी बांधत, आणि त्यासाठी लागणारे मांजरपाट माझ्यावर मोजले जाई. त्या दिवशी खुशालराव कमी बोलत.

या कामात कधीकधी गंमतही होई. शेजारी ओमप्रकाश शेठचे किराणा दुकान होते. पुड्या बांधण्यासाठी ते रद्दी घेत. त्यांना उर्दू वाचता येत नव्हते आणि अरबी तर मुळीच नाही. एकदा कुणीतरी त्यांना सांगितले की पवित्र पानात हळद बांधली तर मोठा दोष लागतो. तेव्हापासून त्या वळणाचे एक अक्षर जरी दिसले, तरी शेठ तो कागद कपाळाला लावून इनायतमियाँकडे पोचवत.

"शेठ," इनायतमियाँ एकदा म्हणाले, "हा खिजाबाचा इश्तिहार आहे. केस काळे करायचा."

"असू द्या जी. आपल्याले काय समजते?"

"आणि ही सिनेमाची जाहिरात. ही नटी पाहा, केवढी मोठी छापली आहे."

"म्या तिच्याकडे पाह्यलंच नाई," शेठ घाईने म्हणाले. "म्या फकस्त अक्षर पाह्यलं."

"मग मीही तुमच्या वाण्याच्या पुड्या जमवतो. बाराखडीत छापलेलं दिसलं की हार घालतो."

खुशालराव रस्त्याच्या अलीकडून ओरडले, "मियाँ, तुमी हार घाला, नारळ मी फोडतो."

पण इनायतमियाँनी शेठना कधी थांबवले नाही. दर आठवड्याला ते चष्मा लावून बसत आणि खिजाब एकीकडे, पवित्र पाने दुसरीकडे अशी निवड करत. चुकून जास्त मान गेला तर बिघडत नाही, असे ते म्हणत. कमी जायला नको.

आता आपाबीबद्दल सांगतो. तिचे नाव खैरूनबी, पण सारा मोहल्ला तिला आपाबी म्हणे. तिने तीन पिढ्यांच्या मुलींना कुराण वाचायला शिकवले होते. सकाळी तिच्या ओसरीवर मुली ओळीने बसत आणि डुलत डुलत वाचत. तिला मूलबाळ नव्हते. तिच्या आईने लग्नात दिलेली दगडी छापाची प्रत हीच तिची सारी दौलत होती. इनायतमियाँनी त्या प्रतीला इतके जोड दिले होते की मूळ कागद कमी आणि चिकटवलेला जास्त झाला होता. शेवटी एक दिवस त्यांनी हात जोडले.

"आपाबी, आता सुई घातली की पान सुईबरोबर येते. याला आता आराम द्या."

आपाबीने प्रत उचलून पदरात घेतली. मग ती सरळ आमच्या दुकानात आली आणि म्हणाली, "खुशालभाऊ, सव्वा वार मांजरपाट द्या. चांगलं द्या. पोत घट्ट पायजे."

तिच्या प्रतीला किती कापड लागेल हे तिने घरून वितीने मोजून आणले होते. खुशालरावांनी मापापेक्षा चार बोटे जास्तच फाडले. आपाबी ते छातीशी धरून घेऊन गेली.

गाठोडी बांधायचा दिवस आला. सगळ्यांची पाने आली, आपाबीचे कुराण आले नाही. आठ दिवसांनी इनायतमियाँ तिच्याकडे गेले, तर ओसरीवर त्याच मांजरपाटाची नवीकोरी पांढरी उशी.

पुढच्या पोळ्याला आपाबी पुन्हा आली. पुन्हा सव्वा वार. त्या वर्षी तिच्या खिडकीला पडदा लागला. त्यानंतरच्या वर्षी एका मुलीच्या सदऱ्याला अस्तर झाले.

"आपाबी," खुशालराव मला कापडावर ठेवत म्हणाले, "तुमचं घर तर दरसाल सजून राहिलं."

"तुमचं दुकानबी चालून राहिलं ना? मग कावून बोलता?"

"नाई, मी म्हटलं, यंदा कशाचा नंबर हाय? गादीचा का रजईचा?"

"यंदा तुमच्या तोंडाले बांधाले नेतो," आपाबी म्हणाली, आणि दोघेही हसले. पण कापड घेताना तिचा हात मला लागला तेव्हा मला जाणवले की तिची बोटे हसत नव्हती. आठवणींनी भरलेली वस्तू हातातून सोडणे हे मोजमापाचे काम नाही. कापड घेण्यापर्यंत तिचे मन धजे, पुढे धजत नसे.

अशा वेळी माणूस न सोडण्याचे एखादे खरे कारण शोधत असतो. आपाबीला ते एका वैशाखात सापडले.

ती कबरस्तानात आईच्या कबरीवर फातेहा पढायला गेली होती. तिथून तरातरा दुकानात आली. "खुशालभाऊ, तुमचा गज द्या जराक."

"कापड इथंच मोजतो ना, आपाबी."

"कापड नाई. जमीन मोजाची हाय."

खुशालराव इतके चकित झाले की त्यांनी मला काही न बोलता देऊन टाकले. आपाबीने समोरून इनायतमियाँना उठवले आणि आम्ही तिघे कबरस्तानाच्या कुंपणापाशी गेलो. गाठोडी ठेवत त्या जागेवर जमिनीला भेग पडली होती. चांगली हात जाईल एवढी रुंद.

मित्रांनो, आमच्या वऱ्हाडची काळी माती कापसाला फार मानवते, पण तिचा एक स्वभाव आहे. ती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते. पोळ्याच्या सुमारास ती मऊ असते. कुदळ सहज उतरते, खड्डा नीट बुजतो, वर गवत येते. म्हणूनच इनायतमियाँ ती वेळ निवडत. पण तीच माती वैशाखात दुभंगते, आणि जिथे एकदा खणले असेल तिथे आधी दुभंगते. खणताना सोपी वाटलेली जागाच नेमकी चुकीची होती.

आपाबीने मला भेगेत सोडले. मी खाली खाली गेलो. वर लाही फुटेल असे ऊन होते आणि आत गार होते. माझे पाऊण अंग आत गेले, त्याहून थोडे जास्तच गेले, आणि मग माझ्या टोकाला काहीतरी मऊ लागले. मी ते ओळखले. घट्ट पोताचे मांजरपाट. माझ्यावरच मोजलेले.

आपाबीने मला वर काढले. "इनायत, याच्यात एखादी बकरी पाय घालीन. पोट्टं काडी घालीन. पाऊस पडला का घाण पानी जाईन." ती शांतपणे म्हणाली. "माझं कुरान या जमिनीत नाई."

इनायतमियाँनी कुदळ आणली. त्यांनी दुपारभर उन्हात बसून ती गाठोडी काढली, माती झटकली आणि पुन्हा आपल्या खोलीत नेऊन ठेवली. त्या दिवसापासून तिथे पोती साठू लागली.

जागा शोधण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. शहानूर नदीत सोडावे, तर उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरे खेळत. खोल डोह म्हणावा असा जवळपास उरला नव्हता. गढीची पांढरी माती भेगाळत नाही, हे खरे. पण ती माती लोक घरावर टाकायला खणून नेत. आज ठेवलेले उद्या कुणाच्या छपरावर जाईल याचा नेम नव्हता. मशिदीचे इमामसाहेब म्हणाले, "जागा पाक असावी, पायदळी नसावी, कुणी उकरू नये. बस, एवढंच." एवढंच होते, पण तेवढेच मिळत नव्हते. आणि आपाबीने दर पोळ्याला कापड घेणे थांबवले. आता तिला विचारण्याची कुणाची हिंमत नव्हती, कारण आता तिचेच बरोबर होते.

मध्यंतरी माझेही दिवस फिरले. सरकारने नवे माप आणले. वार गेला, मीटर आला. तो माझ्यापेक्षा चार बोटे उंच, चकचकीत आणि अंगावर बारीक बारीक रेघा मिरवणारा होता. खुशालरावांचा अंगठा कितीतरी दिवस सवयीने माझ्याकडे वळे आणि मग ओशाळून मीटरकडे जाई. लुगडे मागायला आलेल्या बाया "नऊ वारच पायजे" म्हणून हटून बसत, आणि खुशालराव त्यांना मीटरचा हिशेब समजावता समजावता घामाघूम होत. मला आधी फडताळाच्या मागे उभे केले. मग वरच्या खणातले तागे ओढायला वापरले. एकदा तर मला घेऊन पाल हाकलली. ज्याच्या अंगावर शिक्का आहे त्याने पाल हाकलावी, हे मला थोडे लागले. पण खरे सांगायचे तर पालीला माझ्या लांबीशी काही देणेघेणे नव्हते, आणि तेवढ्यापुरते मला बरेही वाटले.

शेवटी खुशालरावांनी मला उचलले आणि रस्ता ओलांडून इनायतमियाँच्या हातात दिले. "मियाँ, पुठ्ठा कापाले सरळ काठ लागते ना? घ्या. हा कधी वाकडा गेला नाई."

अशा रीतीने मी पुस्तकांत आलो.

तिथेच एका सकाळी आपाबी येऊन बसली. पुस्तक घेऊन नव्हे, नुसतीच. इनायतमियाँ पुठ्ठा कापत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"जुलेखाची आमीन झाली काल," आपाबी म्हणाली.

आमीन म्हणजे मुलीचे कुराण वाचून पुरे झाल्याचा सोहळा. जुलेखा ही तिची त्या वर्षीची सगळ्यात हुशार मुलगी. तिला पाठांतराची एवढी हौस की आपाबीने आपली प्रत महिनाभर तिच्या घरी ठेवायला दिली होती.

"ऐकलं. अकोल्याहून तिच्या आईचे मामू आले होते म्हणे. हाफिजसाहेब, सारं कुराण मुखपाठ असलेले."

"आले होते. पोट्टीनं काय सुंदर आवाज लावला, इनायत. सारे चूप. अन मग मामू म्हणाले, बेटी, जरा मागून घे. तिनं मागून घेतलं. मामू पुन्हा म्हणाले, मागून घे. तिनं पुन्हा घेतलं अन पुन्हा तसंच." आपाबीने पदराने चेहरा पुसला. "मग ते हसून म्हणाले, बेटी, मधला सारा मुलुख कुठं ठेवून आली? दोन पानं गेली होती, इनायत. माह्या कुरानातली दोन पानं. जठी ती पानं नाई, तठून पोट्टी उडी मारून पुढं गेली."

"पण तुमच्यापाशी तर एवढ्या पोरी वाचून गेल्या."

"माह्यापाशी वाचते तवा मी संगं बोलतो ना. मले मुखपाठ हाय. पान हाय का नाई, मले काय समजते? मी डोळे मिटून पुढं जातो." मग ती म्हणाली, "मले वाटे, मी त्याले सांभाळून राहिली. अन ते पोरीले अर्धंच शिकवून राहिलं."

"जुलेखा रडली का?"

"ती कायची रडते? मामूले म्हणाली, मले उद्या दोन पानं द्या, मी परवा म्हणून दाखवतो. रडाले मीच होती."

इनायतमियाँनी अकोल्याहून नवी प्रत मागवली. ठळक अक्षरांची, पांढऱ्या कागदाची. आपाबीच्या ओसरीवर आता मुली तीच वाचू लागल्या. जुनी प्रत तिने कोनाड्यात गुंडाळून ठेवली. पण वाळवी कोनाडा ओळखते. आपाबी रोज सकाळी ती प्रत खाली घेई, उलगडून पाही आणि पुन्हा ठेवी, आणि दर वेळी कागदाचा थोडा चुरा तिच्या ओंजळीत उरे. तो चुरा ती एका डबीत साठवत होती. इनायतमियाँना हे ठाऊक होते. तेही काही बोलत नसत, कारण बोलले की ती विचारणार, कुठं?

मित्रांनो, वस्तू सांभाळणे म्हणजे तिला कायम हातात धरून ठेवणे, असे मलाही पूर्वी वाटे. फडताळामागे उभा असताना मला ते वाटणे सोपे होते. पण तुमच्या कपाटातल्या जुन्या पाटीपुस्तकांकडे एकदा पाहा. जे वापरण्याजोगे आहे ते दुरुस्त करा. जे उरलेच नाही, त्याला फेकू नका आणि कोंबूनही ठेवू नका. त्याला चांगल्या जागी पोचवा. हे सांभाळण्यातच येते, आणि ते सगळ्यात अवघड असते.

ती चांगली जागा स्वतःच्या पायांनी आमच्या खोलीत आली आणि बसायला लागली. म्हणजे झाले असे. गावाबाहेर शेती असलेल्या मनकर्णाबाई आपली पोथी बांधून घ्यायला आल्या. उन्हातून आल्या होत्या, धापा टाकत होत्या. समोर पोती दिसली. त्या टेकणार, इतक्यात इनायतमियाँ ओरडले, "काकू, तठी नोका बसू."

मनकर्णाबाई अशा उडाल्या की पोथी एकीकडे आणि त्या दुसरीकडे. "काय हाय? साप हाय का?"

"साप नाही, काकू. कुराणाची पानं आहेत. जुनी."

"मंग असं हळू सांगा ना, बाप्पा. माहा जीव गेला असता, अन तुमाले त्याचंबी काही करा लागलं असतं."

खुशालराव दुकानातून पाहत होते. गर्दी नव्हती, तेव्हा तेही गप्पांना आले. इनायतमियाँनी मनकर्णाबाईंना सगळे सांगितले. भेगेचे, नदीचे, गढीचे, आपाबीचे. मनकर्णाबाई पोथीचे सुटे पान पदरात धरून ऐकत होत्या.

"माही बरड पाह्यली का?" त्या म्हणाल्या. "पानमळ्याच्या वरतं. निसता मुरूम हाय. तठी काळी माती औषधाले नाई, भेग कुठून पडन?"

"मनकर्णाबाई," खुशालराव म्हणाले, "मुरूम हाय म्हणूनच अडचण हाय. नव्या रस्त्याले मुरूम लागते. उद्या ठेकेदार येऊन सारं उकरून नेईन."

"येऊन गेला तो. म्या त्याले परत धाडलं. आमचा बुढा हाय ना तठी."

बुढा म्हणजे त्यांचे सासरे, जानराव. त्यांच्या घराण्यात माणसाला जाळत नसत, मातीत ठेवत. बरडीच्या माथ्यावर त्यांची समाधी होती. लहानसा चुन्याचा ओटा. तिथे कुणी नांगर नेत नसे, जोडे घालून जात नसे, आणि ठेकेदाराला मनकर्णाबाईंनी काय सांगितले असेल, ते खुशालरावांनी विचारले नाही.

"पण काकू," इनायतमियाँ चाचरत म्हणाले, "तुमच्या घरच्यांच्या जागेजवळ आमचं..."

"काहून? बुढा एकटाच हाय तठी. सोबत होईन त्याले. वाचता येत नव्हतं, पण ऐकाची भलती हौस होती. ही पोथी मास्तर वाचे अन हा रातभर हलत नसे. गावात कुठं कोनी काही वाचून राहिलं, का हा तठी जाऊन बसे. तुमच्या मशिदीच्या पायरीवरबी बसे. तुमाले आठोत नाई?"

इनायतमियाँना आठवले. फेटा मांडीवर ठेवून पायरीवर बसणारा, काही न समजता मान डोलावणारा म्हातारा. त्यांनी मान खाली घातली आणि मनकर्णाबाईंची पोथी त्याच क्षणी बांधायला घेतली.

इमामसाहेबांनी होकार दिला. पण आपाबी म्हणाली, "वैशाखात पाह्यन. पावसाळ्यात सारीच जमीन चांगली दिसते." एक जमीन आधी तशीच फसवून गेली होती. ती बरोबर बोलत होती.

म्हणून वैशाखातल्या एका सकाळी मनकर्णाबाईंची रेंगी आली. ही आमच्याकडची हलकी बैलगाडी. मागे आपाबी बसली, शेजारी मनकर्णाबाई. इनायतमियाँ मला खांद्यावर घेऊन गाडीबरोबर चालत होते. खुशालरावांनी दुकानातून विचारले, "नवा मीटर देऊ का, मियाँ? सरकारी माप हाय."

"जमीन जुनीच आहे, भाऊ. जुनंच माप बरं."

वाटेत दोन्हीकडे काळी शेते होती आणि त्यांत जाळीसारख्या भेगा. आपाबी एकेका भेगेकडे पाही आणि तोंड फिरवी. मग चढ लागला. चाकांचा आवाज बदलला. मऊ धप् धप् जाऊन कर् कर् सुरू झाली. माती काळीची तांबूस झाली, मग नुसते खडे.

बरडीवर सावली म्हणावी अशी एका बाभळीची. आपाबी खाली उतरली, चपला गाडीत ठेवल्या आणि तशाच तापल्या खड्यांवरून चालू लागली. इनायतमियाँ मला जमिनीवर टेकवत, दाबत, दुसरीकडे नेत, पुन्हा दाबत. मी कुठेच आत गेलो नाही. आयुष्यात इतक्या वेळा मोजायला निघून शून्य मोजून परत आल्याचा आनंद मला कधी झाला नव्हता.

"मियाँ, माह्या वावराले सारं टोचून राहिले तुमी," मनकर्णाबाई बाभळीखालून म्हणाल्या. "सुई देत असान त्याले."

"आपाबी पाहत आहेत, काकू. एक जागा सोडली तर मला सोडणार नाहीत."

आपाबीने खरेच एकही जागा सोडली नाही. मग ती ओट्यापाशी येऊन बसली. चुना नुकताच दिलेला होता. तिने ओट्याला हात लावला नाही, पण त्याच्या कडेची थोडी जागा पदराने झाडली.

"इथं नांगर येईन?"

"फाळ मोडते इथं. माहा पोरगाबी आनत नाई."

"गुरं?"

"गवतच नाई, तर गुरं काय खडे खाईन?"

"तुमच्यामागं?"

मनकर्णाबाईंनी ओट्याकडे पाहिले. "माह्यामागं पोरगा हाय," त्या म्हणाल्या. "बुढ्याले हात लावन का तो? मंग तुमच्यालेबी लावनार नाई. मी त्याले सांगून ठेवतो. तुमच्यासमोर सांगतो."

आपाबीने मान हलवली. खालच्या शेतांकडे तिने खूप वेळ पाहिले. तिथून अंजनगावची छपरे दिसत होती आणि पानमळ्यांचा हिरवा पट्टा. वारा आला, तेव्हा तिने सवयीने पदराखाली हात नेला, जसे उडणारे पान धरावे तसा. तिथे काहीच नव्हते. तिचे तिलाच हसू आले.

"यांचं नाव काय म्हटलं होतं तुमी?" तिने ओट्याकडे पाहत विचारले.

"जानराव."

"मुलींचं वाचन ऐकाले माह्या ओसरीसमोर उभे राहत एक फेटेवाले. मी त्यायले एकदा रागावली होती. काय ऐकता म्हणून."

"तेच असन," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याले कोनी रागावलं नाई असं घर नाई गावात."

आपाबी उठली. खड्यांनी तिचे तळवे लाल झाले होते. तिने इनायतमियाँच्या हातातून मला घेतले, शेवटचे एकदा ओट्याच्या उगवतीकडच्या जागेवर टेकवले आणि सारा भार देऊन दाबले. मी जागचा हललो नाही. तिने मला उचलले नाही. तशीच माझ्यावर रेलून ती उभी राहिली.

"इनायत," ती म्हणाली, "पोळा झाला का गाडी आन. मी माझं कुरान इथं ठेवतो."